मोठ्या संस्थेबरोबर भागीदारीचा करार करताना तालुक्यातल्या छोट्या संस्थेने काय मागून घ्यावं?

प्रश्न थोडक्यात: बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्यात आमची सात-आठ कार्यकर्त्यांची नोंदणीकृत संस्था आहे. आईवडील ऊसतोडीला गेल्यावर गावात मागे राहणाऱ्या मुलांसाठी दहा गावांत संध्याकाळचे अभ्यासवर्ग चालवतो. आजवर वर्गणी आणि गावातल्या देणग्यांवर भागलं. आता पुण्यातली एक मोठी संस्था एका कंपनीच्या सीएसआर निधीतून (कंपन्यांनी कायद्याने समाजकामासाठी खर्चायच्या पैशातून) तीन वर्षांची भागीदारी करू म्हणते. मसुद्यात नोव्हेंबर ते एप्रिल मानधन, संस्थेला ५ टक्के प्रशासकीय खर्च, तिमाही अहवालानंतर हप्ता, आणि ३० दिवसांच्या नोटिशीवर करार संपवण्याचा अधिकार अशी कलमं आहेत. सही करावी का? ग्रामपंचायत आणि शाळेला यात कसं आणावं?

उत्तर:

भागीदारी जरूर करा, पण या मसुद्यावर आहे तशी सही करू नका. त्यात तुमच्या संस्थेकडून काम घेतलंय, संस्था टिकवण्याची जबाबदारी मात्र कोणीच घेतलेली नाही. तीन वर्षांनी कंपनीचा निधी दुसऱ्या जिल्ह्यात जाईल, पुण्याची संस्था पुढच्या प्रकल्पाला लागेल. तेव्हा तुमच्याकडे हिशेब लिहिणारं माणूस, वर्षभर हिंडणारा समन्वयक आणि गावाचा शब्द या तीन गोष्टी शिल्लक असतील, तरच ही भागीदारी होती म्हणायचं. नाहीतर तुम्ही मजूर-ठेकेदारासारखं काम करून दिलं, एवढाच त्याचा अर्थ.

आधी एक गोष्ट विचारून घ्या: पैसा नेमका कुठून येतोय? कंपनीचा देशातला सीएसआर निधी आहे, की पुण्याच्या संस्थेकडे परदेशी देणगीदाराचाही पैसा या प्रकल्पात मिसळलाय? सप्टेंबर २०२० मध्ये परदेशी देणग्यांच्या कायद्यात, म्हणजे एफसीआरएमध्ये, दुरुस्ती झाली. तेव्हापासून परदेशी देणगी घेतलेली संस्था तो पैसा दुसऱ्या कोणत्याही संस्थेला पुढे देऊ शकत नाही, दुसऱ्या संस्थेकडे स्वतःची एफसीआरए नोंदणी असली तरीही. त्याआधी मराठवाड्यातल्या, विदर्भातल्या कितीतरी छोट्या संस्था शहरातल्या संस्थांमार्फत येणाऱ्या अशाच पैशांवर उभ्या होत्या. तो रस्ता एका दुरुस्तीने बंद झाला. मोठ्या संस्थांनी मग त्यातून मार्ग काढला: तुमच्या संस्थेला पैसे देता येत नाहीत ना, मग तुमचे कार्यकर्तेच आमच्या पटावर घेतो. वरवर हे चांगलं दिसतं. कार्यकर्त्याला नियमित पगार मिळतो, भविष्य निर्वाह निधी मिळतो. पण दोन वर्षांत तो साहेब कोणाला मानतो, रजा कोणाकडे मागतो, गावातली अडचण आधी कोणाला सांगतो, हे सगळं बदलतं. तालुक्यातली संस्था पाटीपुरती उरते. त्यामुळे 'तुमचा समन्वयक आमच्याकडे नेमतो' असा प्रस्ताव आला तर नेमणूक आणि कामाची दिशा ठरवण्यात तुमच्या कार्यकारिणीचा लेखी वाटा मागा.

पैसा निव्वळ सीएसआरचा असेल तर वेगळा प्रश्न येतो. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली काम राबवणारी संस्था १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ अर्ज भरून नोंदलेली लागते. त्यासाठी आयकराची १२ए (संस्थेला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) म्हणून ओळखली जाणारी नोंदणी हवी आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा. तुमच्याकडे हे नसेल तर पहिल्या वर्षात ते मिळवून देण्यासाठी पुण्याच्या संस्थेने कागदपत्रांची मदत करावी, असं करारातच लिहून घ्या. म्हणजे तिसऱ्या वर्षी तुम्ही कोणत्याही कंपनीच्या दारात स्वतःच्या नावाने उभे राहू शकाल. मोठ्या संस्थेने छोट्या संस्थेला द्यायची याहून मोठी मदत मला माहीत नाही. व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांपेक्षा ही कितीतरी उपयोगाची.

तुम्हाला मिळणारी रक्कम 'अनुदान' म्हणून येणार की 'सेवा शुल्क' म्हणून, हेही बघा. २०२३ च्या वित्त कायद्यापासून एका धर्मादाय संस्थेने दुसरीला दिलेल्या देणगीपैकी ८५ टक्केच रक्कम देणाऱ्या संस्थेचा धर्मादाय खर्च म्हणून धरली जाते. त्यामुळे बऱ्याच मोठ्या संस्था हल्ली अनुदान टाळून सेवा करार पुढे करतात. सेवा करार झाला की तुमच्याकडे जीएसटीचा प्रश्न येतो. सेवांची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या वर गेली तर नोंदणीचं बघावं लागतं. शिवाय ही रक्कम व्यवसायाचं उत्पन्न धरली जाईल का, हाही मुद्दा उभा राहतो. यात चूक-बरोबर काही नाही, पण सही करण्याआधी मसुदा तुमच्या सीएला दाखवा. पुण्याच्या संस्थेचा सीए त्यांची बाजू बघणार, ते त्याचं कामच आहे.

आता अंदाजपत्रक. यावर जरा थांबते, कारण खरी गोम इथे आहे.

तुम्ही पाठवलेल्या तक्त्यात दहा वर्गताईंना, म्हणजे गावात वर्ग घेणाऱ्या ताईंना, दरमहा ४,००० प्रमाणे सहा महिने, म्हणजे २,४०,००० आहेत. समन्वयकाला दरमहा १२,००० प्रमाणे सहा महिने, म्हणजे ७२,०००. मग पाट्या-वह्या, खाऊ, सतरंज्या, एक मेळावा. सगळं मिळून चार लाख, आणि तळाला 'प्रशासकीय खर्च ५ टक्के', म्हणजे २०,०००. या वीस हजारांत जागेचं भाडं, वीजबिल, हिशेबनीस, लेखापरीक्षणाची फी आणि दर तिमाहीला मागितलेल्या फोटोंच्या झेरॉक्सा, एवढं सगळं बसवायचंय. ते बसत नाही. मग सचिव पदरचे घालतात, किंवा वर्गताईंच्या मानधनातून 'संस्थेला देणगी' म्हणून दोनशे-तीनशे कापले जातात. ही कापाकापी मी अनेक तालुक्यांत पाहिलीय. वर्षानुवर्षं प्रामाणिकपणे काम केलेल्या संस्थेची गावात बदनामी व्हायला तेवढं कारण पुरतं.

हा ५ टक्क्यांचा आकडा येतो कुठून? सीएसआरच्या नियमांत ५ टक्क्यांची मर्यादा आहे, पण ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण प्रशासकीय खर्चावर आहे. एखाद्या प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख यांवर थेट होणारा खर्च त्यात येत नाही, आणि राबवणाऱ्या संस्थेचा व्यवस्थापन खर्चही त्या मर्यादेत मोजायचा नसतो. २०२१ मध्ये केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने प्रश्नोत्तरांतून हे स्पष्ट केलंय. तरीही कंपनीचा अधिकारी ५ टक्के म्हणतो, मोठी संस्था तेच पुढे म्हणते आणि तालुक्यापर्यंत तो कायदा होऊन पोचतो. बैठकीत हे शांतपणे मांडा. बहुतेक वेळा समोरच्याला हे ठाऊकच नसतं आणि तो ऐकून घेतो.

तरी टक्क्यांची घासाघीस हा खरा उपाय नाही. हिशेबनीस, लेखापरीक्षण, प्रवास हे 'प्रशासकीय' रकान्यातून बाहेर काढा आणि कामाचा खर्च म्हणून वेगळ्या ओळींत लिहा. अर्धवेळ हिशेबनीस दरमहा ५,००० प्रमाणे बारा महिने, ६०,०००. समन्वयक बारा महिने, १,४४,०००. पेट्रोल किलोमीटरच्या हिशेबाने. या ओळी मागताना संकोच करू नका.

समन्वयक बारा महिने कशाला, असं ते विचारतील. याचं उत्तर तुमच्याकडेच आहे, फक्त ते त्यांच्या भाषेत मांडलेलं नाही. वर्ग नोव्हेंबर ते एप्रिल भरतात हे खरं, पण कोणतं मूल मागे राहणार आणि कोणतं कोयत्याबरोबर, म्हणजे ऊस तोडणाऱ्या आईवडिलांबरोबर, कारखान्यावर जाणार, याचा निर्णय घरात पावसाळ्यात होतो. मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) घेतली जाते तेव्हा. मोठी मुलगी बरोबर आली तर धाकट्याला सांभाळेल, हा हिशेब तेव्हाच होतो. कुटुंब गावात असतं ते साधारण मे ते ऑक्टोबर, आणि याच महिन्यांत आजीशी, चुलतीशी, शाळेच्या गुरुजींशी बोलून मुलाला गावात ठेवायची सोय लावावी लागते. तुमच्या समन्वयकाचं निम्म्याहून जास्त काम हे आहे आणि मसुद्यात नेमक्या त्याच महिन्यांचं मानधन नाही. म्हणजे वर्ग चालवायला पैसे आहेत, वर्गात मूल यावं म्हणून जे करावं लागतं त्याला नाहीत. एका कुटुंबाचं वर्षभराचं वेळापत्रक कागदावर काढून न्या: उचल कधी, निघणं कधी, परतणं कधी, आणि त्यात तुमची भेट कधी कधी. आकड्यांच्या तक्त्यापेक्षा हा एक कागद कंपनीच्या माणसाला लवकर समजतो.

हप्त्यांचंही तसंच. तिमाही अहवाल, मग उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला), मग त्यांच्याकडची तपासणी, मग कंपनीची मंजुरी. पहिला हप्ता ऑक्टोबरात निघाला नाही तर दिवाळीनंतर ट्रक भरून गाव रिकामं होतं आणि वर्ग उघडायला सतरंजीपासून तयारी नसते. कंपन्यांचं आर्थिक वर्ष मार्चअखेर संपतं, म्हणून खर्चाची घाई जानेवारी ते मार्चमध्ये होते. तुमचा हंगाम तोवर उतरणीला लागलेला असतो. म्हणून करारात लिहून घ्या की वर्षाच्या रकमेचा निम्मा भाग सप्टेंबरअखेर आगाऊ मिळेल आणि बाकीचा जानेवारीत. 'आधी खर्च करा, मग परतावा घ्या' ही पद्धत अजिबात मान्य करू नका. ज्या संस्थेकडे राखीव निधी नाही तिला ती उसनवारीत ढकलते. कंपनीला वर्षाची अडचण असेल तर तुमचा प्रकल्प 'चालू प्रकल्प' म्हणून मंजूर करून घ्यायला सांगा. तशा प्रकल्पाची न खर्चलेली रक्कम कंपनीला वेगळ्या खात्यात ठेवून पुढच्या तीन आर्थिक वर्षांत वापरता येते. ही सोय कायद्यातच आहे.

३० दिवसांच्या नोटिशीचं कलम तर बदलायलाच हवं. जानेवारीत नोटीस आली आणि फेब्रुवारीत वर्ग बंद पडले, तर त्या मुलांचे आईवडील सांगली-कोल्हापूरच्या किंवा कर्नाटकातल्या उसाच्या फडात असतात. त्यांनी तुमच्या शब्दावर मूल मागे ठेवलेलं असतं. 'हंगाम सुरू असताना, म्हणजे १ ऑक्टोबर ते ३१ मे या काळात, कोणत्याही पक्षाला करार संपवता येणार नाही' हे एक वाक्य घालून घ्या. आर्थिक गैरव्यवहाराचा अपवाद त्यांना हवा असेल तर तो द्या, पण तेव्हाही वर्गताईंचं मानधन हंगाम संपेपर्यंत थांबणार नाही असं लिहा.

ग्रामपंचायत आणि शाळेकडे वळण्याआधी महाराष्ट्रातली दोन कामं सांगते, कारण त्यांतून मी या विषयातलं पुष्कळ शिकले. पहिलं, १९९० च्या दशकात सुरू झालेला इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम. जर्मनीची मदत, नाबार्ड ही शेती-ग्रामविकासाची राष्ट्रीय बँक, नगर जिल्ह्यात १९९३ मध्ये फादर हर्मन बाकर यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली 'वॉटर' ही संस्था, तालुक्या-तालुक्यातल्या छोट्या संस्था आणि गावाची पाणलोट समिती, असा तो गोफ होता. संगमनेर तालुक्यातली दरेवाडी, म्हसवंडी ही गावं त्यातूनच पुढे आली. त्यात मोठं काम एकदम हातात दिलं जात नसे. आधी क्षमता बांधणीचा टप्पा: गावाने श्रमदान करून दाखवायचं, थोड्या क्षेत्रावर काम करायचं, हिशेब ठेवायला शिकायचं. ते जमलं की पूर्ण पाणलोटाचा निधी. पैसा गावाची समिती आणि संस्था यांच्या संयुक्त खात्यात येई, म्हणजे दोघांच्या सह्यांशिवाय रुपया हलत नसे. तुमच्या करारात हेच मागता येईल. पहिलं वर्ष दहाच गावं, हिशेबाची घडी बसवायला पुण्याच्या हिशेबनिसाने महिन्यातून दोन दिवस तुमच्याकडे येऊन बसायचं, आणि मगच गावं वाढवायची. मसुद्यात दुसऱ्या वर्षी एकदम पंचवीस गावांचं उद्दिष्ट आहे, ते खाली आणा. नव्या गावात विश्वास बसायला एक हंगाम जातो.

दुसरं काम म्हणजे आरोग्य सेवांवरची लोकाधारित देखरेख. २००७ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात ती अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचा धाराशिव), पुणे आणि ठाणे या जिल्ह्यांत सुरू झाली आणि पुण्याची 'साथी' संस्था राज्य पातळीवर समन्वय करत होती. तालुक्यातल्या संस्था गावकऱ्यांबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्राचं प्रगतिपुस्तक भरत, जनसुनवाईत लोक डॉक्टरांसमोर आणि अधिकाऱ्यांसमोर उभे राहून बोलत. पेच असा की निधी आरोग्य खात्याच्याच अभियानातून यायचा. ज्याच्याकडून पैसे घ्यायचे त्यालाच जाब विचारायचा. राज्य पातळीवरची संस्था मधे असल्यामुळे तालुक्यातल्या संस्थांना थोडी ढाल मिळत असे. तुमच्या भागीदारीत हा प्रश्न वेगळ्या वेषात येईल. ऊसतोड कुटुंबांच्या मजुरीवर, उचलीवर, फडातल्या हालांवर तुम्ही बोलता. उद्या कंपनी म्हणाली की तेवढं जपून बोला, तर? म्हणून आत्ताच लिहून घ्या की प्रकल्पाबाहेर संस्था जी भूमिका घेईल ती संस्थेची, त्यावर निधीची अट असणार नाही. पुण्याची संस्था हे मान्य करायला कचरली तर भागीदार कसा आहे ते तिथेच कळेल.

आता ग्रामपंचायत. सरपंचांना कार्यक्रमाला बोलावून नारळ फोडायला लावणं म्हणजे सहभाग नाही. काम ग्रामसभेच्या ठरावात यायला हवं आणि तेही योग्य वेळी. १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारीच्या आगेमागे ग्रामसभा होतात. विकास आराखड्याची लगबग २ ऑक्टोबरपासून सुरू होते आणि तोवर तुमच्या लोकांची बांधाबांध चाललेली असते. २६ जानेवारीला तर ते गावातच नसतात. ज्यांच्या मुलांसाठी ठराव करायचा त्यांच्याविना तो होतो, किंवा होतच नाही. म्हणून १५ ऑगस्टची ग्रामसभा धरा. तिच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते, तिथे विषय आधी मांडा. आईने तिथे एकदा तोंड उघडलं की ग्रामसभेत विषय टाळणं अवघड जातं.

ठराव मोघम नको. 'संस्थेच्या कार्यास ग्रामसभेचा पाठिंबा आहे' या वाक्याने काहीच होत नाही. असा लिहून घ्या: 'ऊसतोडीसाठी स्थलांतरित होणाऱ्या कुटुंबांतील मागे राहणाऱ्या मुलांच्या अभ्यासवर्गासाठी समाजमंदिराची खोली रोज सायंकाळी ५ ते ८ विनामूल्य देण्यात यावी, तिचे वीजबिल ग्रामपंचायतीने भरावे, आणि महिला व बालकल्याणासाठी राखीव १० टक्के निधीतून खाऊची तरतूद विकास आराखड्यात करावी.' सूचक, अनुमोदक, ठराव क्रमांक. इतिवृत्ताची सही-शिक्क्याची नक्कल त्याच आठवड्यात मागून घ्या, नंतर वही सापडत नाही. रक्कम किरकोळ असेल, पण गावाच्या आराखड्यात ती ओळ एकदा आली की कंपनी गेल्यावरही तिच्यावर हक्क सांगता येतो. ग्रामसेवकाकडे (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) ऊसतोड कामगारांच्या नोंदणीचं आणि ओळखपत्रांचं काम असतं. तुमच्याकडे घरनिहाय याद्या आहेतच. त्या पडताळायला मदत करा, तो तुमचा माणूस होईल.

शाळेच्या बाबतीत शाळा व्यवस्थापन समिती हेच दार आहे. शासनाची हंगामी वसतिगृहं तिच्यामार्फतच चालतात. तुमचा वर्ग आणि ते वसतिगृह यांची स्पर्धा होता कामा नये. जिथे वसतिगृह मंजूर आहे तिथे संध्याकाळचा अभ्यास तुम्ही घ्यावा आणि जेवण-निवास समितीने बघावं. जिथे मंजूर नाही तिथे प्रस्ताव वेळेत जावा म्हणून मुलांची यादी तुम्ही करून द्यावी. पुण्याच्या संस्थेला अहवालात 'आम्ही इतकी मुलं वाचवली' असं लिहायची घाई असते. शाळेचं आणि समितीचं नाव त्यात यायलाच हवं, यावर ठाम राहा. ज्या मुख्याध्यापकांचं नाव अहवालात नसतं ते पुढच्या वर्षी खोलीची किल्ली देत नाहीत.

मुलांचे फोटो आणि कुटुंबांची माहिती हा मुद्दा मसुद्यात एका ओळीत उरकलाय: 'सर्व माहिती पुण्याच्या संस्थेच्या मालकीची राहील.' ती ओळ बदला. कोण किती उचल घेऊन गेलंय, कोणत्या मुलीचं लग्न ठरवायचं घाटतंय, असली माहिती तुमच्या नोंदवह्यांत आहे. ती मूळ स्वरूपात तालुक्याबाहेर जाता कामा नये. अहवालाला लागणारे एकत्रित आकडे द्या, नावं नकोत. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची पडताळता येणारी संमती सांगितलीय. पालक फडात असताना ती घेता येणार नाही, हेही त्यांना सांगा.

बाकी तुमच्या बाजूची कागदपत्रं. विश्वस्त बदलला असेल तर बदल अर्ज ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात गेला पाहिजे, लेखापरीक्षण अहवाल ३० सप्टेंबरच्या आत, आणि नीती आयोगाच्या दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या पोर्टलवर नोंद. जुने बदल अर्ज प्रलंबित असतील तर ते आधी सोडवायला घ्या, कारण बहुतेक वेळा भागीदारी तिथेच अडते आणि दोष छोट्या संस्थेच्या माथी येतो. सीएसआर निधीतून काही घेतलं, मग ते टॅबलेट असोत की सौर दिवे, तर ते कोणाच्या नावावर राहतील तेही करारात हवं. कंपनी ते स्वतःच्या नावावर ठेवू शकत नाही. सीएसआर नोंदणी असलेली संस्था, लाभार्थ्यांचा गट किंवा सार्वजनिक प्राधिकरण यांच्याकडेच ते जातं. तुमची सीएसआर-१ नोंदणी झालेली असेल तर तुमच्या नावावर, नसेल तर शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या नावावर घ्या.

बैठकीला सचिवांनी एकट्याने जाऊ नये. खजिनदार बरोबर हवेत, आणि एक वर्गताईसुद्धा. जाण्याआधी कार्यकारिणीची सभा घेऊन कोणत्या कलमांवर माघार घ्यायची नाही याचा ठराव करा, म्हणजे समोर बसून दबाव आला तर 'कार्यकारिणीला विचारावं लागेल' असं खरेपणाने म्हणता येईल. माझ्या मते त्या यादीत बारा महिन्यांचं समन्वयकाचं मानधन, सप्टेंबरचा आगाऊ हप्ता आणि हंगामात करार न तोडण्याचं कलम असायलाच हवं. गावांची संख्या, फलकावरचं नाव, मेळाव्याचा खर्च यांवर देवाणघेवाण चालेल. आणि हे जुलैअखेर उरका. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय घालायचा तर त्याची सूचना ग्रामपंचायतीला त्याआधी द्यावी लागेल.